पार ते ढाला : गॅमा मोजत पाच दिवस

पहिला दिवस, ग्वाल्हेरचं लष्कर

आबांच्या वाड्याच्या अंगणात, तुळशीवृंदावनापासून दोन हातांवर एका फरशीवर खडूची फुली असते. पावसाने पुसली की आबा पुन्हा काढतात. खडकांतून येणारे गॅमा किरण मोजायचं यंत्र घेऊन कुठेही निघालो तरी पहिलं रीडिंग या फुलीवर आणि परतल्यावर शेवटचंही इथेच, हा त्यांचा नियम. दोन्ही आकडे जुळले तर मधल्या दिवसांच्या वहीवर विश्वास ठेवायचा. नाही जुळले तर सगळी पानं पुन्हा तपासायची.

आज सकाळी साडेसातला फुलीवर सेकंदाला ६१ काउंट मिळाले, म्हणजे यंत्राने तेवढे गॅमा किरण टिपले. तेच यंत्र ओसरीच्या लाल ग्रॅनाइटच्या पायरीवर ठेवलं तर आकडा दीडशेच्या पुढे गेला. काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "या पायरीवर बसून मी चाळीस वर्षं भाज्या निवडल्या, ते काय मग?" आबांनी त्यांना शांतपणे समजावलं की ग्रॅनाइटमध्ये पोटॅशियम, थोरियम आणि थोडंसं युरेनियम जन्मापासूनच असतं. त्या पायरीपासून काही अपाय नाही, पण यंत्राला ती नक्की ऐकू येते.

आबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले चुलतभाऊ. त्यांची सगळी नोकरी युरेनियमच्या शोधात गेली. १९४९ साली दाराशॉ नोशेरवान वाडियांच्या देखरेखीखाली ‘रेअर मिनरल्स सर्व्हे युनिट’ सुरू झालं, तेच आजचं अणुखनिज संचालनालय. मी भूविज्ञान शिकवते. आपल्या देशात युरेनियमचा शोध हे सरकारचं काम आहे, आमचा दौरा फक्त शिकण्यासाठी होता. सर्वेक्षक जमिनीवर नेमकं काय करतो हे दोन विद्यार्थ्यांना हाताने करून कळावं, एवढाच हेतू. त्यातला एक भिंडचा मुलगा, दुसरी इथेच, लष्कर भागात वाढलेली मुलगी, घरी मराठी आणि वर्गात हिंदी बोलणारी.

दुपारी महाराज बाड्यावर गेलो. जळालेलं व्हिक्टोरिया मार्केट दुरुस्त करून तिथे आता भूविज्ञानाचं संग्रहालय झालंय, डिसेंबर २०२४ मध्ये ते उघडलं. ज्या इमारतीसमोरून लहानपणी वह्यापुस्तकं घ्यायला जायचो, तिथेच खडकांसमोर शाळेची पोरं नाक लावून उभी असलेली बघून मला फार बरं वाटलं.

रात्री सामान मोजलं. स्पेक्ट्रोमीटर (तेच गॅमाचं यंत्र), ब्रंटन कंपास, दोन हातोडे, भिंग, जीपीएस, पाण्याच्या नमुन्यांसाठी चोवीस बाटल्या, रेडॉनचे वीस कप, काकूंचे मेथीचे लाडू आणि मुरैन्याची गजक.

दुसरा दिवस, पार

ग्वाल्हेरच्या नैऋत्येला पार नावाचं गाव आहे. भूविज्ञानाच्या पुस्तकात ‘पार फॉर्मेशन’ म्हणून जे वालुकाश्म येतात ते याच गावाच्या नावाचे. खाली बुंदेलखंडचा ग्रॅनाइट, वय सुमारे अडीच अब्ज वर्षं. त्यावर बसलेले ग्वाल्हेर गटाचे थर दोन अब्ज वर्षांच्या आगेमागे साचलेले. दोघांच्या मधला काळ तिथे नाहीच. त्या काळात ग्रॅनाइट उघडा पडून झिजत होता आणि झिजलेल्या जमिनीवर नंतर वाळू येऊन पसरली. भूविज्ञानात याला विसंगती म्हणतात.

युरेनियम शोधणाऱ्याचे पाय अशा विसंगतीकडे आपोआप वळतात. कॅनडातल्या अथाबास्का खोऱ्यात सिगार लेक आणि मॅकआर्थर रिव्हर इथलं जगातलं सर्वात श्रीमंत धातुक याच प्रकारच्या जागी सापडलं. आपल्याकडे तेलंगणातलं लंबापूर-पेद्दगट्टू हेही विसंगतीलगतचं. कारण साधं आहे. ऑक्सिजन मिळाला की युरेनियम पाण्यात विरघळतं आणि पाण्याबरोबर लांबवर जातं. मग वालुकाश्मातून मुरत गेलेलं ते पाणी खालच्या जुन्या खडकातल्या भेगेत शिरतं, तिथे ग्रॅफाइट किंवा गंधकाची खनिजं ऑक्सिजन ओढून घेतात आणि युरेनियम जागच्या जागी बसतं. हे कळलं की नकाशावरच्या दोन रंगांमधली रेघ निराळीच दिसायला लागते.

नाल्याच्या काठाला ती रेघ आम्हाला हाताने दाखवता आली. खाली सडून पांढुरका, भुसभुशीत झालेला ग्रॅनाइट, त्यावर गारगोटीच्या गोट्यांचा वीतभर पट्टा आणि वर घट्ट वालुकाश्म. मुलीने एक बोट ग्रॅनाइटवर आणि दुसरं वालुकाश्मावर ठेवलं. "मॅडम, या दोन बोटांमध्ये किती वर्षं?" अर्ध्या अब्जाच्या आसपास, असं मी सांगितलं. बराच वेळ तिने हात काढला नाही.

मग भिंडच्या मुलाने हाक मारली. नाल्याच्या आत, कपारीत यंत्र ठेवलं होतं आणि आकडा काठावरच्या जवळपास दुप्पट दिसत होता. तो आनंदाने वर धावत आला. आबांनी त्याला काही न सांगता परत खाली पाठवलं आणि यंत्र कपारीतून काढून नाल्याच्या उघड्या, सपाट तळावर त्याच खडकावर ठेवायला लावलं. आकडा खाली आला. उघड्यावर यंत्राला फक्त खालचा खडक दिसतो, कपारीत तो खाली, मागे, दोन्ही बाजूंना असतो, म्हणून गॅमा किरण जास्त पोचतात. खडक तोच असतो, फक्त बसायची जागा बदललेली असते. मुलाचा चेहरा उतरला, पण मला वाटतं आजच्या दिवसातली सर्वात मोलाची नोंद तीच. वहीत आता प्रत्येक रीडिंगपुढे एक रकाना वाढला : सपाट, खड्डा, कडा.

येताना वाट वाकडी करून तिघऱ्याला थांबलो. ग्वाल्हेरला पाणी देणारं हे धरण १९१६ साली बांधून झालं आणि पुढच्याच वर्षी, १९१७ च्या ऑगस्टमध्ये, पायाच्या वालुकाश्मात पाणी मुरून फुटलं. हजारो माणसं गेली. संध्याकाळचं पाणी अगदी शांत होतं. आबा म्हणाले, "पाणी खडकातून कसं जातं हे आपल्या शहराला फार मोठी किंमत देऊन कळलं. आपण तेच पाणी शोधतोय, फक्त दोन अब्ज वर्षांपूर्वीचं."

तिसरा दिवस, शिवपुरीमार्गे पिछोर

आज नुसता प्रवास. आग्रा-मुंबई रस्त्याने शिवपुरी, तिथून पिछोरकडे. पिछोर दोन आहेत, एक आपल्या डबऱ्याजवळचं आणि एक शिवपुरी जिल्ह्यातलं. गाडी चालवणाऱ्या भैयांना आदल्या रात्रीच नीट सांगून ठेवलं होतं. शिवपुरीत शिंद्यांच्या छत्र्या अर्धा तास पाहिल्या. संगमरवरात रंगीत दगड इतके बारीक बसवलेत की मुलीने भिंग काढलं. मोहरीची शेतं पिवळी झालेली, हरभरा गुडघ्याखाली. मुक्कामाच्या लॉजवर पाणी गार होतं, बाकी ठीक.

चौथा दिवस, ढाला आणि मोहर

हा दिवस लिहायला मी सगळ्यात उतावीळ होते.

पिछोरच्या उत्तरेला ढाला आणि मोहर ही गावं आहेत. उपग्रहाच्या चित्रात इथे सपाट माथ्याची एक टेकडी आणि तिच्याभोवती तुटक्या कड्यासारख्या खडकांच्या बुटक्या रांगा दिसतात. युरेनियम शोधायला आलेल्या भूवैज्ञानिकांनी इथे बोअरहोल घेतले. ग्रॅनाइटच्या मधोमध हा गोल आकार आणि वितळून थिजल्यासारखे खडक पाहून आधी हा खचलेला जुना ज्वालामुखी असावा असं मानलं गेलं. २००८ साली अलाहाबाद विद्यापीठाचे जयंत पति आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की ही उल्कापाताची जखम आहे. गारगोटीच्या कणांत सूक्ष्मदर्शकाखाली समांतर रेघांचे दाट संच दिसतात. त्यांना लागणारा दाब दहा गिगापास्कलच्या घरातला, म्हणजे हवेच्या दाबाच्या लाखभर पट, आणि तो कुठलाच ज्वालामुखी देऊ शकत नाही. आपल्या देशात अशा जागा मोजक्याच : लोणार, राजस्थानातलं रामगढ आणि हे ढाला. लोणारचं विवर पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद. ढाल्याच्या जखमेचा व्यास सुमारे ११ किलोमीटर आणि वय १.७ ते २.५ अब्ज वर्षांच्या मध्ये कुठेतरी. वाडगा केव्हाच झिजून गेला, आता फक्त त्याचा तळ उरलाय.

सकाळी साडेसातला पहिलं रीडिंग घेतलं. थंडी सहा अंशांची. रेघ ठरलेली होती : बाहेरच्या साध्या ग्रॅनाइटपासून टेकडीच्या पायथ्यापर्यंत, दर पन्नास मीटरवर थांबायचं, दोन मिनिटं मोजायचं. मुलगा जीपीएस वाचतो, मुलगी आकडे लिहिते, मी खडकाचं वर्णन सांगते, आबा मागून येत खडक न्याहाळतात. साडेदहाला आबांनी आठवण केली, "अगं, खुंटीवर परत जा." सकाळच्या पहिल्या जागी आम्ही एक खुंटी ठोकली होती. दर दोन तासांनी तिथे जाऊन रीडिंग घ्यायचं, हाही त्यांचा नियम. तो मी आज पाळला नव्हता, कारण रेघ छान चालली होती.

खुंटीवर पोटॅशियमचा आकडा सकाळच्या निम्मा आला.

खडक तीन तासांत बदलत नाही. बदललं होतं तापमान. या जुन्या यंत्रातल्या सोडियम आयोडाइडच्या स्फटिकाचा प्रकाश थंडी-उन्हाबरोबर कमी-जास्त होतो आणि पोटॅशियमच्या किरणांचं १.४६ एमईव्हीचं (एमईव्ही हे किरणांच्या ऊर्जेचं एकक) शिखर यंत्रात त्याच्यासाठी राखलेल्या पट्ट्यातून, म्हणजे खिडकीतून, हळूहळू बाहेर सरकतं. थोरियमचं २.६२ चं शिखर, युरेनियमचं विघटन होत जातं त्या साखळीतल्या बिस्मथचं १.७६ चं, सगळी एकत्र सरकतात. सकाळी यंत्राला बाहेर अर्धा तास ठेवून मगच ऊर्जा जुळवायला, म्हणजे शिखरं खिडक्यांत नीट बसवायला हवी होती, आणि ऊन चढल्यावर पुन्हा. सव्वीस रीडिंगं बाद. मी मुलांसमोर पानावर आडवी रेघ मारली आणि कारण लिहिलं. आबा एक शब्द बोलले नाहीत, नुसते माझ्याबरोबर पहिल्या खुंटीपर्यंत परत चालत आले, ७३ वर्षांचा माणूस.

दुपारपर्यंत तीच रेघ पुन्हा. यावेळी ग्रॅनाइट आपल्या जागेवर बसला : पोटॅशियम चार टक्के, थोरियम वीसच्या आसपास पीपीएम (दहा लाख भागांत वीस), युरेनियम चार-पाच. साधा ग्रॅनाइट असाच असतो, थोरियम युरेनियमच्या चारेक पट. पुढे ब्रेशिया लागला. ग्रॅनाइटचेच तुकडे, ग्रॅनाइटच्याच भुग्यात घट्ट झालेले. हाताएवढ्या तुकड्याच्या कडा अजून धारदार आहेत. मुलाने विचारलं, हे नदीने आणले असते तर? मी तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला. नदी कडा घासून गोल करते. इथे दगड एका क्षणात फुटला आणि जिथे फुटला तिथेच राहिला.

अडीच वाजता एका ओघळीच्या काठावर एकूण काउंट तिपटीच्या वर गेले. जागा सपाट होती, खड्डा नव्हता, यंत्र नुकतंच जुळवलेलं. माझे हात गार पडले, खरंच. आबांनी फक्त खिडक्यांचे वेगळे आकडे वाचायला सांगितले. पोटॅशियम सहा टक्के, थोरियम एकशे वीस, युरेनियम नऊ. म्हणजे काउंट वाढवणारा थोरियम होता, आणि थोरियमच्या जोडीने थोडं युरेनियम वाढलेलं. थोरियम पाण्यात विरघळत नाही, जिथे जन्माला आला तिथेच बसतो. हा खडक मुळातच तसा जन्माला आलेला. लिहा आणि पुढे चला.

साठ-सत्तर पावलांवर एक लालसर, गंजल्या रंगाची भेग होती, दोन बोटं रुंद, ब्रेशियाला तिरकी कापणारी. तिच्यावर एकूण काउंट मघापेक्षा कमी होते. मुलीने जवळजवळ न थांबता आकडा लिहिला असता. तिने मात्र खिडक्या वाचल्या : थोरियम २२, युरेनियम ४८.

ती दोन्ही आकडे दोनदा मोठ्याने म्हणाली. मग मान वर करून आबांकडे पाहिलं. आबा खाली बसले, भेगेच्या लाल मातीवरून बोट फिरवलं, भिंग लावलं आणि म्हणाले, "हं. इथे पाणी आलं होतं."

थोरियम साध्या ग्रॅनाइटएवढाच राहून युरेनियम त्याच्या दुपटीहून जास्त झालं, याचा अर्थ ते कुठून तरी प्रवास करत या भेगेत आलं. आकडा धातुकाच्या जवळपासही नाही, तरी आपल्या डोळ्यांसमोर त्या पाण्याची वाट उलगडली याचं जे वाटलं ते मी इथे लिहू शकत नाही. मुलगी त्या भेगेला कितीतरी वेळ हात लावून बसली होती, परवासारखीच.

आबांनी लगेच पुढची गोष्टही सांगितली. यंत्र युरेनियम मोजत नाही. त्याच्या साखळीत पुढे येणारं बिस्मथ मोजतं आणि त्यावरून युरेनियमचा अंदाज बांधतं. पावसाने युरेनियम धुऊन नेलं आणि रेडियम मागे राहिलं, तर यंत्र जे तिथे नाही त्याचा आकडा दाखवेल. म्हणून नमुना घेऊन प्रयोगशाळेत रासायनिक तपासणी झाल्याशिवाय ४८ हा आकडा ‘समतुल्य’ याच शब्दाबरोबर बोलायचा. आमच्यात खडक जिभेला लावून पाहायची जुनी सवय आहे, चिकणमाती ओळखायला. इथे ती बंद. नमुना पिशवीत, पिशवीवर नंबर, मग हात धुऊन मेथीचे लाडू.

पाचवा दिवस, विहिरी

गॅमा किरण खडकाच्या वरच्या हात-दीड हातातूनच बाहेर येतात. वर काळी माती कंबरभर असली तर खाली काय आहे हे यंत्राला कळत नाही. मग दोन वाटा उरतात : रेडॉन आणि पाणी.

रेडॉन हा युरेनियमच्या साखळीतला वायू. निम्मा व्हायला ३.८ दिवस घेतो, तेवढ्यात भेगांतून वर येतो. शेतांच्या बांधालगत, मालकांना विचारून, दोन-अडीच फूट खड्डे करून तळाशी कप पालथे ठेवले. प्रत्येक कपात वर चिकटवलेली फिल्म, रेडॉनमधून निघणारे अल्फा कण तिच्यावर सूक्ष्म ओरखडे सोडतात. थोरियमचा वायू, थोरॉन, छप्पन सेकंदांतच निम्मा होतो, म्हणून कपाच्या तोंडाला पडदा लावला की तो आत पोचेपर्यंत संपतो. महिन्याने कप काढायचे, फिल्म गरम कॉस्टिक सोड्यात ठेवायची आणि ओरखडे मोजायचे. वीस कप पुरायला चार तास लागले.

विहिरीचं पाणी घेताना एक वयस्कर शेतकरी आले. त्यांनी पूर्वी इथे मशीन लावून खोदाई झालेली पाहिली होती. पहिला प्रश्न, "हमाई जमीन तो नईं चली जैहै?" मी म्हटलं, आम्ही शिकणारे लोक आहोत, जमीन घेणारे नाही. ते विहिरीच्या काठावर बसले, भाजलेल्या शेंगा पुढे केल्या आणि मग मूळ प्रश्न आला. जे पाणी पितो ते ठीक आहे की नाही. पूर्वी बाटल्या भरून नेणारे आले होते, उत्तर घेऊन कोणी परत आलं नाही.

मला या वाक्याचं फार लागलं. आम्ही बाटल्यांवर नंबर लिहितो, अक्षांश-रेखांश लिहितो, आणि तिथे रोज कळशी भरणाऱ्याला काही सांगायचं राहून जातं. पिण्याच्या पाण्यात युरेनियम लिटरला ३० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मी त्यांना हिंदीत समजावली. आबांनी विचारलं, घरात कोणाला मूत्रपिंडाचा त्रास आहे का, कारण जास्त युरेनियम किरणांपेक्षा आधी रासायनिक विष म्हणून मूत्रपिंडाला त्रास देतं. नाही म्हणाले. मुलाने पाणी बारीक गाळणीतून गाळलं, नायट्रिक ॲसिडचे थेंब टाकले, बाटलीवर ७ लिहिलं आणि त्यांच्या समोर त्यांचा मोबाइल नंबर वहीत उतरवला.

दहा विहिरी झाल्या, मग परतीची वाट. वाड्यात पोचलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ. चपला काढायच्या आधी यंत्र अंगणातल्या फुलीवर ठेवलं, अर्धा तास थंडीत राहू दिलं, ऊर्जा जुळवली. आकडा ६२. आबांनी मान हलवली आणि आत गेले.

काकूंनी फ्रिजचा खालचा कप्पा रिकामा करून बाटल्यांचा डबा आत ठेवला. कालनिर्णयवर संक्रांतीनंतरच्या शनिवारी आबांनी पेनाने गोल केलाय, कप काढायला जायचा दिवस. भिंडच्या मुलाने आजच सात नंबरच्या विहिरीचा कागद हिंदीत लिहायला घेतलाय. आकड्याची जागा कोरी सोडलीय, आणि खाली आमचे चौघांचे फोन नंबर.